पेंटरच्या शेडमधल्या मेणबत्त्या

१२ नोव्हेंबर २००६, रविवार

शेड उघडली. कुलूप गंजलेलं. रॉकेल सोडून अर्धा तास झटापट केली तेव्हा कुठं निघालं. आत घुशींचं राज्य. ह्यांचे रंगाचे डबे, बांबूच्या चौकटी, आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं, ह्यांनी रंगवलेलं सिनेमाचं एक बॅनर, जे न्यायला टॉकीजचा माणूस आलाच नाही.

तीन वर्षं झाली. छापील फ्लेक्स आलं आणि दोन महिन्यांत सगळी टॉकीजं तिकडं गेली. तेव्हापासून हे पलंगावर. आजारी नाहीत. पीत नाहीत, पीत असते तर भांडायला तरी विषय मिळाला असता. नुसतं भिंतीकडं तोंड करून पडायचं. जेवायला हाक मारली की उठतात, जेवतात, आपलं ताट घासून ठेवतात, परत पलंग. मी शाळेत जात होते तोवर निम्मा दिवस तरी बघावं लागत नव्हतं. मे महिन्यात रिटायर झाले. आता दिवसभर समोर ती पाठ.

वैशालीचा पुण्याहून फोन होता परवा. तिच्या तिकडं एका बाईनं मातीकामाची जागा काढलीय. सुट्टीच्या दिवशी अनोळखी लोक एका टेबलाभोवती बसतात, गप्पा मारत हातानं काहीतरी करतात आणि घरी घेऊन जातात. म्हणाली, "आई, तू चौथीच्या पोरांना कार्यानुभवात मेणबत्त्या शिकवायचीस की. शेड रिकामीच हाय." पोरगी पुण्यात राहून अजून 'हाय' म्हणते. बरं वाटलं.

मेणबत्त्यांचं मला काही पडलेलं नाही. ह्यांना पलंगावरून उठवायचंय. घरापासून शेडपर्यंत दोनशे पावलं असतील, तेवढी ह्यांनी रोज चालावीत. दुसरं काही मागणं नाही माझं.

१९ नोव्हें.

ह्यांना सांगितलं. "कर की." भिंतीकडं बघूनच.

२६ नोव्हें.

गल्लीत बातमी फुटली. आमची गल्ली म्हणजे मूर्ती करणारे, तबले मढवणारे, फ्रेमवाले, एक फोटोवाला. रिक्षावाले 'कलाकार गल्ली' म्हणतात आणि हसतात. समोरचे अण्णा मूर्तिकार कमरेवर हात ठेवून दुपारभर बघत होते. शेवटी आले. मेणबत्ती करायला माणसं स्वतःहून येणार, वर पैसेही देणार, हे त्यांना तीनदा समजावून सांगितलं. "वैनी, कोपऱ्यावरच्या दुकानात पुडा मिळतोय की ओ." म्हटलं, मिळतो. डोकं खाजवत गेले आणि संध्याकाळी प्लास्टरचे चार साचे घेऊन आले. कमळ, शंख, एक गोल, एक नुसता उभा. प्लास्टर आधी पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर मेण चिकटून बसतंय, हेही सांगितलं. भला माणूस आहे. तोंड तेवढं वाईट.

१७ डिसेंबर, रविवार

पहिला दिवस. लोडशेडिंग दुपारी दोन ते पाच, म्हणून वेळ तीच ठेवली. टीव्ही बंद, पंखा बंद, बायका घरात बसून करणार काय? तरी आल्या दोघीच. फ्रेमवाल्यांची रेहानाभाभी, ती गल्लीतलीच. आणि तिची जाऊ, तिला बळंच आणलेली.

स्टोव्हवर पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचा डबा. साच्यात वात सरळ धरायची, वर पेन्सिलीला बांधायची. ओतलं की चाळीस मिनिटं थांबायचं. मधे खड्डा पडतो, तो परत भरायचा. त्या चाळीस मिनिटांत काय करायचं हे मी ठरवलंच नव्हतं. भाभी आपोआप बोलायला लागली. सौदीला गेलेला मुलगा, त्याचे फोन. जाऊ ऐकत होती. एका घरात राहून तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं, असं दिसलं.

दारातून एक रिक्षावाला डोकावला. "काय पावणं, लाईट गेली काय?"

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. "हं."

१४ जानेवारी २००७

आज सहाजणी. बँकेतल्या दोघी, कॉलेजच्या दोन पोरी, भाभी आणि जाऊ. आता जाऊच जास्त बोलते.

मुंबईहून मेणाचा रंग मागवलाय, छोट्या वड्या असतात. फिकट येतो. कुणाची काही तक्रार नाही.

हे आले नाहीत. सातव्यांदा विचारलं मी. आठव्यांदा विचारणार नाही.

२१ जाने.

विचारलं. नाही.

११ फेब्रुवारी

कधीकधी वाटतं, मी तिकडं पळून जाते. त्यांना उठवायला म्हणून शेड काढली आणि आता घरी यायलाच नको वाटतं. शेडमध्ये बायका हसतात. घरी आलं की दार उघडायच्या आधीच माझा चेहरा पडतो, मला कळतं ते. चौतीस वर्षांचा संसार आणि हे असं लिहावं लागतंय. लिहिलं. असू दे.

११ मार्च, रविवार

आज आले!

काही फार मोठं झालं नाही. उकडत होतं, घरी पंखा बंद. बाहेर वाऱ्याला म्हणून निघाले आणि पाय इकडं वळले असतील. मी दारात उजेडाला मेणबत्त्या मांडत होते. बघते तर समोर, अण्णांच्या पायरीवर उभे. एक डोळा मिटून, मान वाकडी. बॅनर टांगलं की रस्त्याच्या पलीकडं जाऊन असंच बघायचे. जवळून काही कळत नाही, लांबूनच कळतं, असं म्हणायचे.

रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "लाल मेलाय ह्यो."

मी म्हटलं, मुंबईचा रंग आहे.

"रंग न्हाय ह्यो. सरबत हाय."

आणि गेले. पण मला आत जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं. बायकांना वाटलं, वाफ लागली.

१३ मार्च

सकाळी स्वतःहून दाढी केली. शेडची किल्ली मागितली. जुने पावडर रंगाचे डबे उघडून बसले. शेंदरी, पिवळा, निळा, तांबडा, सगळे कोरडेठाक आणि जसेच्या तसे. दगडावर जवसाच्या तेलात घोटत होते. तो वास तीन वर्षांनी आला. लग्नानंतर पहिली काही वर्षं मला त्या वासानं जेवण जायचं नाही. आज दारातच उभी राहून घेत बसले.

१८ मार्च, रविवार

ह्यांची पहिली मेणबत्ती. कमळ. आत पिवळा, वर शेंदरी, पाकळीच्या टोकाला तांबडा. काय रंग! मुंबईच्या वडीतून असा येऊच शकत नाही. बँकेतली एक म्हणाली, ही मी पेटवणार नाही, शोकेसमध्ये ठेवणार. सगळ्या तेच म्हणाल्या.

आता हे टेबलाच्या टोकाला बसतात. पोरींना रंग कसा घोटायचा ते दाखवतात. बोलतात! टॉकीजच्या गमती सांगतात, एका हिरोची मिशी चुकून दुसऱ्याला लावली ती. ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. आज एकशे एकाव्यांदा मनापासून हसले.

२५ मार्च

अण्णा म्हणाले, "पेंटर पुन्हा माणसात आला की वैनी." मी विषय बदलला. दृष्ट लागते.

८ एप्रिल, रविवार

सगळ्या गेल्यावर रेहानाभाभी मागं थांबली. हळूच म्हणाली, "बाई, बुरा मत मानना. काल लाईट गेली तेव्हा भाईसाबची ती निळी लावली. दोन मिनिटांत बुझली. परत लावली, परत बुझली."

म्हटलं, वात लांब राहिली असेल, कापून लावा.

घरी दोन होत्या. हे आंघोळीला गेले तेव्हा मोरीच्या दाराकडं लक्ष ठेवून दोन्ही लावून बघितल्या. ज्योत आधी चांगली मोठी. मग बारीक, मग निळसर ठिपका, मग धूर. वातीत रंगाचा गाळ बसतो. मेणात विरघळणारा रंग वेगळा आणि पावडर वेगळी. चौथीच्या पोरांना मी हेच सांगायची, मेणात खडू किसून घालू नका, वात तुंबते. मला माहीत होतं. कमळ बघून डोक्यातनं गेलंच.

ह्यांना कळणार तरी कसं? बॅनर कुणी पेटवून बघतं का?

उद्या सांगते.

९ एप्रिल

नाही सांगितलं. सकाळी शिट्टी वाजवत होते.

१२ एप्रिल

नाही.

१५ एप्रिल, रविवार

विहाराचे सेक्रेटरी शेडवर आले. वैशाख पौर्णिमेच्या वंदनेला मूर्तीपुढं मेणबत्त्या हव्यात, पंचशील ध्वजाच्या पाच रंगांत. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. साठ नग. "पेंटर, आपल्या वस्तीचा कलाकार, तुम्हीच करायच्या," म्हणाले.

ह्यांचा चेहरा. मी लिहू शकत नाही तो कसा झाला ते. तीन वर्षांत कुणी ह्यांना कलाकार म्हटलं नव्हतं. मी पण नाही.

त्या क्षणी बोलायला पाहिजे होतं. सेक्रेटरींना चहा केला मी.

१८ एप्रिल

जाड वात आणली. तीन दोरे एकत्र वळले. ह्यांना म्हटलं, मोठ्या मेणबत्तीला जाड बरी. "तू म्हणतीस तसं." एक लपवून लावून बघितली. दहा मिनिटं जळली.

वंदना अर्ध्या तासाची असते. पण दहा मिनिटांनंतर मेणबत्त्यांकडं कोण बघतं? सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. असं मी स्वतःला सांगतेय. साठाव्या वर्षी.

२८ एप्रिल

साठ झाल्या. शेडमध्ये ओळीनं मांडल्यात. हे रस्त्याच्या पलीकडं जाऊन बघून आले, दोनदा. वैशालीला फोन केला त्यांनी स्वतः. ती रडली म्हणे. मला म्हणाली, "आई, तू केलंस हे." मी फोन ठेवला, कुकरची शिट्टी झाली म्हणून.

२ मे, बुधवार. वैशाख पौर्णिमा

लिहिते. लिहिल्याशिवाय बसवणार नाही.

संध्याकाळी सहाला विहार भरलेलं. हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मेणबत्त्या मूर्तीपुढं पाच ओळींत. सगळे बघत होते, लहान पोरं बोट दाखवत होती, पेंटरनं केल्यात म्हणून. लावायचा मान ह्यांनाच दिला. साठ मेणबत्त्या लावल्या. एवढ्या सुंदर दिसल्या की मला वाटलं, जळतील. आज जळतील.

त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. पहिल्यांदा निळ्या गेल्या. मग तांबड्या. धूर यायला लागला, पुढं बसलेल्या म्हाताऱ्या खोकायला लागल्या. पांढऱ्या, बिनरंगाच्या, तेवढ्या जळत होत्या, बारा. हे उठले, काडीपेटी घेतली आणि एक एक परत लावायला लागले. वंदना चालू आणि हे ओणवे होऊन लावतायत. इकडची लावली की तिकडची विझते. एक पेटी संपली. शेजारच्याकडं हात पुढं केला, त्यानं दुसरी दिली. तीही निम्मी संपवली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शेवटी सेक्रेटरींनी हलकेच ह्यांचा दंड धरला आणि खाली बसवलं. कुणीतरी पळत जाऊन दुकानातले साधे पुडे आणले.

मी चौथ्या ओळीत होते. हातसुद्धा हलला नाही माझा.

घरी येताना हे एवढंच म्हणाले, "वात तुंबली बघ." जसं काही मला माहीत नसेल.

३ मे

पलंग. भिंत.

४ मे

तेच.

६ मे, रविवार

शेड उघडली नाही. बायका येऊन कुलूप बघून गेल्या, भाभीनं सांगितलं. माझ्याकडं बघितलं तिनं आणि काही विचारलं नाही. तिला ठाऊक आहे की मला ठाऊक होतं. ह्या गल्लीत एवढी एकच बाई आहे जिच्याशी मला आता बोलता येत नाही.

सेक्रेटरी घरी येऊन गेले. होतं असं, मनावर घेऊ नका, म्हणाले. हे उठून बसले, नीट बोलले, फाटकापर्यंत सोडायला गेले. परत आले ते पलंगावरच.

१० मे

आधी निदान त्यांना फ्लेक्सला शिव्या देता येत होत्या. आता कुणाला देणार? मी त्यांना त्या जागेवरून उठवलं आणि चारचौघांत पाडलं. उठवलं नसतं तर बरं होतं, असं आज दिवसभर वाटलं. मी तरी सरळ असते तर बरं होतं.

१३ मे, रविवार

सांगितलं.

सकाळी चहाचा कप स्टुलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगितलं. मला एप्रिलातच ठाऊक होतं. भाभीनं सांगितलं, मी घरी लावून बघितली, विझली. जाड वात त्यासाठीच आणली. तुम्हाला सांगितलं नाही.

पाठ हलली नाही. चहावर साय धरली. मग हे वळले.

"बोलली का न्हाईस?"

म्हटलं, तुम्ही उठला होता म्हणून. दाढी करत होता. मला परत ती पाठ बघायची नव्हती.

कपावरची साय बोटानं काढली. मला वाटलं, ओरडतील. ओरडावं असंच वाटत होतं.

मग म्हणाले, "बॅनर टांगलं की तुला बघायला न्यायचो. तू म्हणायचीस, लई भारी झालंय. दरवेळी." थांबले. "ते बी असंच म्हणत हुतीस?"

लगेच 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. पण मला ती सगळी बॅनरं दिसायला लागली. काही खरोखर भारी होती, रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. काही हिरॉइनी मात्र ह्यांच्या जयसिंगपूरच्या बहिणीसारख्या दिसायच्या, रुंद कपाळ आणि तेच नाक. एका पौराणिक सिनेमाच्या बॅनरवर देवाचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला होता. तेव्हाही मी भारीच म्हटलेलं. हे सगळं आठवण्यात वेळ गेला. किती गेला माहीत नाही, पण ह्यांनी तो मोजला.

"असू दे," म्हणाले. आणि वळले.

१४ मे

म्हटलं, बहुतेक सगळी चांगली होती. खरंच चांगली होती.

"आता कसं कळायचं मला?"

तीस वर्षांचं काम त्यांनी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. तेच डोळे मी त्यांच्याकडून काढून घेतले.

१७ मे

वैशाली येते म्हणते. नको म्हटलं. येऊन काय करणार? कोण बरोबर ते ठरवणार?

१८ मे

सकाळी पलंगावर नव्हते. जीव वरखाली. अण्णांकडं गेले, फ्रेमवाल्यांकडं गेले, विहारात बघून आले. नळाच्या तोटीला वॉशर लागत होता, तो आणायला गेले होते. बसवला, हात धुतले, परत पलंग. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, वॉशरसाठी.

२० मे, रविवार

शेड उघडली. भाभीला निरोप पाठवला होता, ती आली. बाकी जाऊ आणि बँकेतल्या दोघी. पौर्णिमेचं सगळ्यांना ठाऊक झालेलं. कुणी काढलं नाही. साधं पांढरं मेण ओतलं आणि चाळीस मिनिटं बसलो. मी भाभीला म्हटलं, तुम्ही सांगितलं ते खरं होतं, मी उलटं बोलले. ती म्हणाली, "मालूम था, बाई." आणि माझ्या हातावर हात ठेवला. मेणानं चिकट झालेले दोघींचे हात.

साडेतीनला हे आले.

काल शेडची किल्ली माझ्या पर्समध्ये नव्हती, ते आत्ता लिहिताना लक्षात येतंय. हातात एक मेणबत्ती. उभ्या साच्यातली. मुंबईच्या वडीचा रंग, त्यांच्या भाषेत सरबत. खाली लाल, वर पिवळा. सगळ्यांच्या देखत माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"कसं झालंय? खरं सांग."

बायकांनी माना खाली घातल्या. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चांगली झाली नव्हती. चौथीतल्या पोरानं केल्यासारखी. आणि हे माझ्या तोंडाकडं बघत होते, मेणबत्तीकडं नाही. मी किती थांबते ते बघत होते.

मी म्हटलं, "पिवळा लालात उतरलाय. खालचं नीट गार व्हायच्या आत ओतलंय तुम्ही. वात पण मधोमध न्हाय."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

ह्यांनी मेणबत्ती उचलून डोळ्यांजवळ धरली, अगदी जवळ. फिरवून बघितली.

"व्हय," म्हणाले. "उतरलाय."

आणि ती घेऊन बाहेर गेले. उजवीकडं वळले तर घर, डावीकडं शेडचं मागचं दार, जिथं स्टोव्ह आणि साचे आहेत. जाऊ म्हणाली, बघू का कुठं गेलेत ते? म्हटलं, नको. बसा. अजून खड्डा भरायचाय.